वयोमान आणि वारी



मागच्या चातुर्मासात अंबड तालुक्यातील एका खेड्यात सप्ताह झाला. काल्याचे कीर्तन होऊन पंगती उठल्या आणि पाचपंचवीस मंडळी मंडपातच सुपारी कातरीत बसली. बोलता बोलता विषय वारीवर आला. तिशी-पस्तिशीचा एक तरुण आम्हांला म्हणाला, "महाराज, आमच्या आज्यानं तीसच्या वर वाऱ्या पायी केल्या. आता गुडघे गेले. गाडीत बसवून नेतो म्हणलं तर येत नाही. आन् मला पायी जा म्हणलं तर पेरणी सुटत नाही. मग आमच्या घरची वारी करायची कोणी?"

प्रश्न साधा होता, पण आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. खांबाला टेकून बसलेल्या म्हातारबांनी मान वर न करताच सांगितले, "तुम्हीच म्हणले होते महाराज कीर्तनात, चाकावरची वारी ती वारी नव्हं."

हे आम्ही म्हटले होते, हे खरे. तरुण फडकऱ्यांना जोर यावा म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी बोललो होतो. आमचे ते वाक्य एका माळकऱ्याने इतके मनाला लावून घेतले की चालवेना तेव्हा त्याने पंढरपूरच सोडले. तीन आषाढ्या तो घरी बसून राहिला. एकादशी धरतो, हरिपाठ म्हणतो, आणि दिंडी गावातून निघाली की गोठ्यात जाऊन बसतो, असे त्यांच्या सुनेने मागाहून सांगितले. त्या दिवशी आम्ही पान खाऊन उठलो खरे. पण वय वाढते तसा माणसाचा प्रवास कसा पालटतो, आणि वारीच्या नेमाचे त्यात काय होते, याचा विचार तेव्हापासून सुटला नाही. तो विचार आज मांडतो.

लेकराची वारी आधी घेऊ, कारण ती सर्वांत सोपी. सातआठ वर्षांच्या पोराला पंढरपूर म्हणजे चंद्रभागेतली होडी, चुरमुऱ्यांची पुडी आणि बापाच्या खांद्यावरून दिसलेला कळस. विठोबा त्याला गर्दीत दिसतोच असे नाही. एवढ्यावर पुष्कळजण म्हणतात, "लेकराला काय कळतं? कशाला नेता?" आम्हांला हे पटत नाही. आज फडावर जे विणेकरी उभे आहेत त्यांना विचारा; दहातल्या आठांची पहिली वारी कुणाच्यातरी खांद्यावरचीच निघेल. कळणे मागून येते, वाट आधी अंगात मुरते. लेकराला घाई नसते आणि मुक्कामाची चिंताही नसते. पाय दुखले की रडते, गूळ मिळाला की हसते. ही स्थिती पुढे फार वर्षे पुन्हा मिळत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपासून पुढे पंचविशीपर्यंत माणसाला प्रवासात अंतर हवे असते, आणि सोबती हवे असतात. आपल्या जिल्ह्यात याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालना शहरातून राजूरच्या गणपतीला निघालेली पोरे पाहा. सुमारे २५ किलोमीटरची ती वाट अनवाणी, रात्रीतून, गाणी म्हणत, एकमेकांची टिंगल करत ती तोडतात आणि पहाटे दर्शनाच्या रांगेत उभी राहतात. हीच पोरे घरी दळण आणायला सांगितले तर मोटारसायकल काढतात! त्यांना चालण्याचा कंटाळा नसतो. एकट्याने चालण्याचा असतो. दिंडीत तरुण येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. पोराला पालखीच्या मागे आजोबांच्या पिशव्या धरून चालायला लावले तर तो येणार नाही. पखवाज गळ्यात अडकवा, टाळकऱ्यांच्या रांगेत उभा करा, पताका हाती द्या, मग पाहा.

ह्या वयाच्या ओढीचा मोठा दाखला आमच्याच मातीतला आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८, रामनवमीचा. समर्थांचा संप्रदाय निराळा आणि आपला निराळा; पण जांब आपल्या जिल्ह्यात आहे, तेव्हा दोन शब्द सांगायला हरकत नाही. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी ते लग्नाच्या बोहल्यावरून निघाले, बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीला तप केले आणि पुढची बारा वर्षे हिंदुस्थानभर पायी हिंडले. मग घरी येऊन आईला भेटले. त्यानंतरचा मुक्काम कृष्णाकाठी, आणि अखेरची पाचसहा वर्षे एकट्या सज्जनगडावर. ज्याने तरुणपणी देश पालथा घातला त्याला शेवटी एक गड पुरला.

पण हा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. श्रीज्ञानेश्वर माऊली आणि नामदेवराय तीर्थयात्रेला निघाले तेव्हा दोघेही तरुण. तीर्थावळीच्या अभंगांत त्या यात्रेचे वर्णन आहे, आणि त्यात नामदेवरायांना पंढरीची आठवण किती व्याकूळ करते हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. ऐन तारुण्यात ज्याला पंढरपूर सोडवत नव्हते, तेच नामदेवराय माऊलींच्या समाधीनंतर उत्तरायुष्यात पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि तिथे वर्षानुवर्षे राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातले ते गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. वयाच्या ८०व्या वर्षी, शके १२७२ मध्ये, महाद्वाराच्या पायरीशी त्यांनी देह ठेवला. म्हणजे लांबचा प्रवास उतारवयात, आणि मुक्काम शेवटी पायरीवर. असो.

आता संसारी माणसाकडे वळू. खरा पेच इथे आहे. मंडपातल्या त्या तरुणाचे म्हणणे आळशी माणसाचे नव्हते. आषाढी एकादशी कधी जूनच्या अखेरीस पडते, कधी जुलैच्या मध्यावर वा त्याही पुढे. अधिकमास आला की सरकते. मृग निघतो जूनच्या ७-८ तारखेस. पाऊस वेळेवर झाला तर कापूस, सोयाबीन, तूर पेरून माणूस मोकळा होतो. पण आपल्याकडे पाऊस वेळेवर येतो कुठे? आभाळाकडे पाहत बसावे आणि नेमकी दिंडी शहागडला पोचते त्या दिवशी शेतात ओल यावी, हे मंठा-परतूरच्या शेतकऱ्याने कितीदा पाहिले आहे. कार्तिकीला म्हणावे तर तेव्हा कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी. ज्यांच्या शेतात काही उरले नाही ते तर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. त्यांचा प्रवास हौसेचा नसतो, नेमाचा नसतो, पोटाचा असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड आणि लेकरे घालून पंढरपुराजवळून जाणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. कळसाला तिथूनच हात जोडतात. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा माळकरी घरांतल्या कित्येकांनी वारी चुकवली, आणि चुकवल्याचे कुणाला सांगितलेही नाही.

ह्यावर जुन्या लोकांची एक तोड होती. घरात चार भाऊ असले तर दोघे पेरणीला आणि दोघे दिंडीला, आणि पुढच्या वर्षी उलट. वारी घराची असे, एकट्याची नसे. जो मागे राही तो एकादशीच्या दिवशी गावातल्या देवळात पहारा करी, आणि दिंडीतला परत आला की त्याच्या पाया पडून बुक्का लावून घेई. आता भाऊ वेगळे निघाले, शेताचे तुकडे झाले, प्रत्येकाला आपापली वारी आणि आपापली पेरणी. वेगळे निघाला तरी वारी सामायिक ठेवायला कोणी नको म्हटले आहे? तलाठ्याच्या सातबाऱ्यावर वारीची नोंद होत नाही.

संसारी माणसाला प्रवासात काय आवडते असे विचाराल तर एकच उत्तर: लवकर जाऊन लवकर परत येणे. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. आपले आजे-पणजेही तेच करीत. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि जालना स्टेशन आले. १९०६ मध्ये कुर्डूवाडीहून पंढरपूरपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी पोचली. मग जालन्याचा वारकरी निजामाच्या मीटर गेजने मनमाडला जाई, तिथे मोठ्या गाडीत बसून दौंडवरून कुर्डूवाडी गाठी, आणि तिथून अडीच फूट रुळांच्या त्या गाडीतून पंढरपूर. एका वारीत तीन रुंदीचे रूळ आणि तीन गाड्या! दौंडला गठुडे डोक्याखाली घेऊन रात्र काढावी लागे. तरीसुद्धा लोक जात, कारण पायी पंधरा-अठरा दिवस लागत आणि इथे दोन दिवसांत काम होई. त्या काळीही कीर्तनकार आगगाडीच्या वारीला हसले असतीलच.

संसाराच्या वयाची एक मोठी गोष्ट पुंडलिकाची. तरुण पुंडलिक बायकोला सोबत घेऊन काशीला निघाला होता, आणि आईबाप त्याच मेळ्यात पायी रखडत होते. आपण ही कथा आईबापांच्या सेवेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती प्रवासाचीही कथा आहे. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला उमगले आणि त्याने वाट बदलली, घरी राहिला. त्याच्या न जाण्यामुळे देव आला आणि विटेवर उभा राहिला. अठ्ठावीस युगांची ही सगळी यात्रा एका माणसाने घेतलेल्या माघारीतून निघाली आहे. म्हणून ज्याच्या घरी म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली आहेत आणि जो त्यामुळे दिंडीत येऊ शकत नाही, त्याला कोणीही कमी लेखू नये.

नाथमहाराजांचेही पाहा. लहानपणी गुरूच्या ओढीने पैठणहून देवगिरीला गेले, पुढे गुरुआज्ञेने तीर्थे केली, मग पैठणला येऊन प्रपंच मांडला. काशीची गंगा रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी कावड पाजली, ही कथा लेकरालाही माहीत आहे. कावड पोचली नाही, यात्रा झाली.

आता स्त्रियांविषयी. दिंडीत चालताना आम्हांला दरसाल एक गोष्ट जाणवते ती अशी की बाईचा प्रवास पुरुषाच्या उलट चालतो. पुरुष विशीत हिंडतो, चाळिशीत अडकतो, साठीत थकतो. बाई विशीत अडकते. सासर, लेकरे, शेण-पाणी, रानातली खुरपणी. तिचा प्रवास म्हणजे माहेर आणि परत. सून घरात आली, चूल तिच्या हाती गेली, की पंचेचाळीस-पन्नाशीला बाईचे पाय मोकळे होतात आणि मग ती थांबत नाही! डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला सहा-सात कोस चालणाऱ्या ह्या माउल्या पाहिल्या की नवल वाटते. पंचवीस वर्षांची साठलेली वारी असते ती. एका मायला आम्ही विचारले, "दमत नाहीस का?" ती म्हणाली, "घरी बी तेवढंच चालते बाप्पा, पर तिथं कोणी माऊली म्हणत नाही." ह्यावर आम्ही गप्प बसलो. ज्या घरच्या सुनांना पंचविशीत एकदातरी वारी घडते ती घरे आम्हांला थोर वाटतात. पण अशी घरे थोडी.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले, तेव्हापासून अंबडच्या मत्स्योदरी देवीला, षष्ठीच्या पैठणला, राजूरला बायकांचे घोळके स्वतःहून निघू लागले आहेत. पूर्वी "कुणीतरी न्यायला पाहिजे" असे होते. आता "चल गं, जाऊन येऊ" असे ऐकू येते. अर्ध्या तिकिटाने जे साधले ते आमच्या पुष्कळ कीर्तनांनी साधले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता म्हातारबांकडे येऊ, कारण लेखाचे मूळ तिथेच आहे.

वृद्धाला प्रवासात काय हवे असते? नवे काहीच नको असते. तेच मुक्काम, तेच ओढे, तोच निंब ज्याच्याखाली चाळीस वर्षांपूर्वी भाकरी सोडली होती. तरुण पुढे पाहत चालतो, म्हातारा आठवत चालतो. आणि त्याला ओझे होण्याची फार भीती असते. "माझ्यापायी दिंडी थांबायला नको," हे वाक्य किती तोंडांतून ऐकले! गाडीत न बसण्याचा हट्ट पुष्कळदा नेमाचा नसतो, लाजेचा असतो. काल ज्यांच्या पुढे वीणा घेऊन चाललो त्यांच्या मागून ट्रकमध्ये सामानावर बसून जायचे, हे जिवावर येते.

सोयी आता पुष्कळ आहेत. एस.टी.त ६५ च्या पुढे अर्धे भाडे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना भाडेच नाही. रेल्वेची वृद्धांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. राज्यशासनाने २०२४ मध्ये साठीच्या पुढच्यांसाठी तीर्थदर्शनाची योजनाही काढली. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहवत नसेल त्याला मुखदर्शन आहे. तेही न झाले तर नामदेव पायरी आहे, कळस आहे. २०२० साली रोगाच्या साथीत पायी वारीच बंद झाली, तेव्हा मानाच्या पालख्यांतील पादुका एस.टी. बसमध्ये बसून पंढरपूरला गेल्या. त्या बसच्या चाकांना आपण हात जोडले. पादुकांना बस चालली, आणि त्या म्हातारबांना चालणार नाही असे म्हणणारे आम्ही कोण?

आणि कूर्मदासांना तर आम्ही विसरलोच होतो. गोदाकाठचे पैठण, आपल्या शेजारचे. तिथले कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत. वारीला निघाले ते पोटावर सरकत. वाटेतले लोक भाकरी तोंडात घालीत. माढ्याजवळ लऊळला पोचले आणि पुढे सरकवेना, एकादशी तर तोंडावर आलेली. त्यांनी वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला, आणि देव लऊळला चालत आला, अशी कथा आहे. त्या कथेवर आम्ही किती कीर्तने केली! दर वेळी कूर्मदासांच्या जिद्दीचे वर्णन करून लोकांना रडवले. पण कूर्मदास पंढरपूरला पोचले नाहीत, आणि त्यांची वारी पुरी झाली, ह्या अर्ध्या भागाचा अर्थ आम्ही स्वतः कधी ऐकला नव्हता.

म्हणून ह्या वर्षी ज्येष्ठात आम्ही त्या गावी मुद्दाम गेलो. म्हातारबा ओट्यावर बसले होते. आम्ही त्यांना सांगितले, "बाबा, त्या कीर्तनात आम्ही चुकलो. तरण्या पोरांसाठीचं बोलणं ते, तुमच्यासाठी नव्हतं." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चुकलं तर चुकलं. पर तीन वर्सं गेली ना माझी." ह्याला उत्तर नव्हते, आणि आम्ही दिलेही नाही. त्यांचा नातू घरातून पाणी घेऊन आला.

मग तिघांनी बसून ठरवले ते असे. संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघून देऊळगाव राजाकडून जालन्यात येते, आणि अंबड, वडीगोद्री करीत शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई-बीडकडे जाते. म्हातारबांनी अंबडच्या वेशीपासून जेवढे होईल तेवढे, मग ते शंभर पावले का असेनात, पालखीबरोबर चालायचे. पुढे एस.टी.ने पंढरपूर, नातवाने सोबत जायचे, दोन दिवसांत परत यायचे. पेरणी आधी उरकली तर ठीक, नाही तर चुलतभावाने दोन दिवस तिफण धरायची. चुलतभावाचे आणि ह्यांचे बांधावरून बोलणे बंद होते. त्याच्याकडे म्हातारबाच गेले. तो म्हणाला, "मी पेरतो. मला बुक्का आणा."

ज्यांना एवढेही होत नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आपल्या जिल्ह्यातून जाते. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना बीड, गेवराई, शहागड, अंबड, जालना ह्याच मार्गाने सिंदखेडराजाकडे जाते. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना खुर्च्या, बाजा टाकून बसलेली थकलेली माणसे दिसतात. पंढरपुराहून आलेल्या वारकऱ्याच्या पायांची धूळ ती कपाळाला लावतात. गावच्या तरुण मंडळांनी त्या दिवशी आपल्या गावातले अंथरुणावरचे म्हातारे उचलून रस्त्यावर आणून बसवावेत. एवढे काम दिंडीतल्या सेवेइतकेच मोठे आहे. त्यांना ऊन लागू नये, आणि औषधाची चिठ्ठी त्यांच्या खिशात असावी.

म्हातारबा अंबडपासून पाऊण मैल चालले. दोनदा बसले. वीणा कुणीतरी त्यांच्या गळ्यात घातली, ती त्यांनी लगेच काढून दिली, म्हणाले, "ओझं होतंय आता." मग बसमध्ये बसले. पंढरपुरात मुखदर्शन झाले. परत आल्यावर नातवाने आम्हांला फोन केला आणि सांगितले, "आज्यानं कळस दिसल्यावर बसमधूनच ओरडून सगळ्यांना उठून उभं राहायला लावलं. कंडक्टर बी उभा राहिला." चुलतभावाला बुक्का पोचला आहे. कार्तिकीला तो जाणार आहे, आणि ह्यांची कापसाची वेचणी त्या दोन दिवसांत कोणी करायची, हे अजून ठरायचे आहे.